जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात २००७ च्या सुमारास घेतलेला आणि अजून चालू स्थितीतला डीव्हीडी प्लेअर आहे. आई-वडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची डीव्हीडी आणि आईने जपून ठेवलेल्या कीर्तनांच्या दहा-बारा व्हीसीडी आहेत. जुना डबा टीव्ही गेला, दिवाळीत ४३ इंची स्मार्ट टीव्ही आला, आणि त्याच्या पाठीमागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लावायची जागाच दिसत नाही. म्हणून आपण एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली केबल आणली, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’ याखेरीज काही आले नाही. दुकानदार म्हणतो प्लेअर भंगारात काढा, आणि आपण विचारता आहात की आता कोणती केबल घ्यावी.

मी गेली सव्वीस वर्षे टीव्ही आणि प्लेअर दुरुस्त करतो आणि हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ दर आठवड्याला येतो. आपला प्लेअर भंगारात काढण्याजोगा आहे असे आपल्या वर्णनावरून मला मुळीच वाटत नाही. मात्र आणखी एक केबल विकत घेण्याआधी हे समजून घ्या की अडचण केबलची नसून सिग्नलच्या जातीची आहे. प्लेअरच्या पिवळ्या पिनेतून येणारा सिग्नल म्हणजे सतत कमी-जास्त होणारा विजेचा दाब. एका व्होल्टच्या आतबाहेरच्या त्या चढउतारात चित्राचा उजेड, रंग आणि प्रत्येक ओळ कुठे सुरू होते याची खूण असे सगळे एकत्र मिसळलेले असते. एचडीएमआयच्या एकोणीस पिनांमधून जाते ती आकड्यांच्या रूपातली माहिती. आपण आणलेल्या केबलच्या आत नुसत्या तारा आहेत. त्या तारा विजेचा दाब एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेतात, त्याचे आकडे करू शकत नाहीत. म्हणून ती केबल कितीही भारी घेतली तरी या कामासाठी उपयोगाची नाही. ती परत करता आली तर अवश्य करा.

आता पुढे काय करायचे ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे : आपल्या टीव्हीला नेमकी कोणती छिद्रे आहेत, प्लेअरला कोणती आहेत, आणि आपल्याला या दहा-बारा चकत्या एकदा पाहायच्या आहेत की नेहमी पाहायच्या आहेत. टीव्हीचे मॉडेल आपण दिलेले नाही, त्यामुळे मी सगळ्या शक्यता सांगतो. आपण टीव्हीची पाठ एकदा मोबाइलचा दिवा धरून नीट पाहावी. टीव्ही भिंतीला टांगलेला असेल तर मोबाइल मागे सरकवून फोटो काढा, सगळे स्पष्ट वाचता येते.

पहिल्यांदा प्लेअरचीच पाठ पाहा. २००७ नंतरच्या काही प्लेअरना एचडीएमआयचे चपटे छिद्र असते आणि इतकी वर्षे पिवळ्या पिनेवर काम भागल्यामुळे त्याकडे कुणाचे लक्ष गेलेले नसते. ते असेल तर साधी एचडीएमआय केबल लावा आणि प्लेअरच्या मेनूमध्ये आवाजाची निवड ‘पीसीएम’ ठेवा, म्हणजे चित्र आहे पण आवाज नाही अशी वेळ येणार नाही. आपण लिहिलेल्या यादीत पिवळी-लाल-पांढरी, हिरवी-निळी-लाल आणि एक नारिंगी पिन एवढेच आहे, म्हणून एचडीएमआय नाही असे धरून पुढे जातो. ती नारिंगी पिन फक्त डिजिटल आवाजाची आहे. ती टीव्हीच्या लाल किंवा पांढऱ्या जागेत लावू नये, त्यातून खरखरीशिवाय काही येत नाही.

टीव्हीच्या पाठीमागे तीन रंगीत गोल नाहीत म्हणजे पिवळ्या पिनेची सोयच नाही, असे बहुतेक लोक समजतात आणि इथेच पैसे वाया जातात. पातळ टीव्हीच्या कडेला तीन मोठी सॉकेट बसवायला जागा नसते, म्हणून अनेक कंपन्यांनी ती तिन्ही मिळून हेडफोनच्या आकाराच्या एकाच छिद्रात घातली. त्याच्याजवळ ‘एव्ही इन’ किंवा ‘व्हिडिओ इन’ असे बारीक कोरलेले असते, आणि काळ्या प्लास्टिकवर काळीच अक्षरे असल्यामुळे तिरपा उजेड पाडल्याशिवाय ती दिसत नाहीत. अगदी तशाच आकाराचे दुसरे छिद्र हेडफोनचे असू शकते, म्हणून अंदाजाने न लावता अक्षरे वाचूनच लावा. ‘एव्ही इन’ असेल तर त्याची वीतभर लांबीची केबल बहुधा टीव्हीच्या खोक्यातच आली होती : एका टोकाला बारीक जॅक आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत माद्या, म्हणजे पिना आत घेणारी सॉकेट. ती ओळखीची न वाटल्यामुळे थर्माकोलबरोबर फेकली जाते. आपले खोके माळ्यावर असेल तर आधी ते शोधा.

ही केबल हरवली असेल तर बाजारातून आणताना थोडी काळजी घ्यावी लागते, आणि या एका मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच जॅकच्या असतात. जॅकच्या धातूच्या दांड्यावर काळे पट्टे मोजा. दोनच पट्टे असतील तर ती फक्त आवाजाची केबल आहे, तिच्यातून चित्र जायला वाटच नाही. तीन पट्टे हवेत, म्हणजे दांड्याचे चार भाग होतात : टोक, दोन कडी आणि बूड. त्यांपैकी तीन भाग चित्र, डावा आवाज आणि उजवा आवाज यांचे, आणि चौथा या तिघांचा सामाईक परतीचा मार्ग, ज्याला आम्ही अर्थ म्हणतो. अडचण अशी की कोणता भाग कशासाठी वापरायचा याबाबत सगळ्या कंपन्यांचे एकमत नाही. काहींनी अर्थ बुडाला ठेवला आहे, काहींनी दुसऱ्या कडीला. अर्थ जुळत असेल आणि फक्त चित्र-आवाजाची अदलाबदल झाली असेल, तर रंगांचे भान सोडून पिवळ्या पिनेच्या जागी लाल, मग पांढरी अशी लावून पाहिली की चित्र येते. अर्थच जुळत नसेल तर रंग कितीही फिरवले तरी उपयोग नाही, दुसऱ्या जातीची केबल आणावी लागते. मल्टिमीटर असेल तर ही परीक्षा दुकानातच करता येते : तिन्ही रंगीत टोकांची बाहेरची धातूची कडी जॅकच्या कोणत्या भागाशी जोडलेली आहेत ते तपासायचे आणि टीव्हीच्या माहितीपुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून पाहायचे. मल्टिमीटर नसला तर कान वापरा. स्पीकरमधून जाड, सलग गुरगुर येत असेल तर ती बहुधा चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने गेल्याची खूण असते. आपल्याकडचे चित्र सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली आखले जाते आणि तोच ठेका स्पीकरमधून ऐकू येतो. अशी गुरगुर आली म्हणजे निदान प्लेअर सिग्नल देतो आहे, एवढी खात्री पटते.

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मला याच कामासाठी बोलावले होते. त्यांनी तीन दुकानांतून तीन केबली आणल्या होत्या आणि तिन्ही निकामी ठरल्या होत्या. मी तपासल्या तर तिन्हींची जोडणी त्यांच्या टीव्हीला चालणारीच होती. शेवटी टीव्ही भिंतीवरून उतरवून पाठ समोर घेतली तेव्हा कारण दिसले. टीव्हीचे ते छिद्र चौकटीत थोडे आत दबलेले होते आणि केबलच्या जॅकचे रबरी बूड जाड होते. ते बूड चौकटीवर अडत होते आणि जॅक शेवटचे दीड-दोन मिलिमीटर आत जातच नव्हता, त्यामुळे आतली प्रत्येक पत्री आपल्या भागाऐवजी शेजारच्या भागाला टेकत होती. ब्लेडने ते रबर गोल फिरवत तासले, पुन्हा जॅक दाबला, ‘टक्’ असा आवाज आला आणि पडद्यावर त्यांच्या मुलाच्या मुंजीतली मातृभोजनाची पंगत उभी राहिली. तेव्हा केबल वाईट ठरवण्याआधी ती पूर्ण आत गेली आहे का, हे बोटाने चाचपून पाहा. जॅक पूर्ण बसला की धातूचा कणही बाहेर दिसत नाही.

दुसरी शक्यता अशी की आपल्या टीव्हीला हिरवी-निळी-लाल आणि शेजारी लाल-पांढरी अशी पाच सॉकेट आहेत पण पिवळे नाही. तसे असेल तर हिरव्या सॉकेटजवळची अक्षरे वाचा. तिथे ‘वाय’ या अक्षरासोबत ‘व्हिडिओ’ असाही शब्द असेल, किंवा हिरव्या कड्याभोवती पिवळी रेघ असेल, तर तेच सॉकेट दोन्ही कामांचे आहे आणि पिवळी पिन तिथे लावायची आहे. मग टीव्हीच्या सोर्समध्ये ‘कंपोनंट’ न निवडता ‘एव्ही’ निवडा. चुकून ‘कंपोनंट’ निवडले तर चित्र येते पण कृष्णधवल येते, आणि लोक प्लेअर बिघडला असे समजून माझ्याकडे घेऊन येतात. खरे तर अशा टीव्हीला प्लेअरच्या हिरव्या-निळ्या-लाल पिनाच जोडाव्यात, कारण त्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. पिवळ्या पिनेत ते एकत्र मिसळून पुन्हा वेगळे करावे लागतात, म्हणून लाल शालूच्या किंवा गडद तोरणाच्या कडेला बारीक ठिपके सरपटताना दिसतात. हिरव्या-निळ्या-लाल पिनांच्या या कंपोनंट जोडणीत ते ठिपके दिसेनासे होतात. आवाजासाठी लाल-पांढरी जोडी मात्र वेगळी लावावीच लागते. दोन लाल पिनांची गल्लत इथे हमखास होते : एक चित्राची, एक आवाजाची.

यांपैकी काहीच टीव्हीला नसेल, फक्त एचडीएमआय आणि यूएसबी असेल, तरच कन्व्हर्टर घ्यावा. तो काडेपेटीहून थोडा मोठा डबा असतो. त्याच्या आत पिवळ्या पिनेच्या सिग्नलचे आकडे करणारी चिप असते आणि ती चालायला वीज लागते. म्हणून वेगळी पॉवरची वायर नसलेली कोणतीही वस्तू कन्व्हर्टर म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. दोन जातींचे कन्व्हर्टर दिसायला हुबेहूब सारखे असतात : एक एव्हीवरून एचडीएमआयकडे नेणारा आणि दुसरा बरोबर उलटा, नव्या सेट टॉप बॉक्सला जुना टीव्ही जोडण्यासाठीचा. आपल्याला पहिला हवा आहे. डब्यावर पिवळ्या-लाल-पांढऱ्या सॉकेटांच्या बाजूला ‘इनपुट’ आणि एचडीएमआयच्या बाजूला ‘आउटपुट’ असे लिहिलेले असले पाहिजे. ही वस्तू काही शे रुपयांत मिळते. तिची वायर टीव्हीच्या यूएसबीत लावली तरी बहुतेक वेळा चालते, पण चित्र येऊन-जाऊन करू लागले तर मोबाइलच्या साध्या पाच व्होल्टच्या चार्जरवर लावा. डब्यावर ७२० आणि १०८० असे बटण असते, दोन्ही लावून जे स्थिर वाटेल ते ठेवा. मूळ चित्रच कमी रेषांचे असल्यामुळे १०८० केल्याने ते अधिक रेखीव होत नाही.

माझे स्पष्ट मत विचाराल तर, पाहायच्या चकत्या पुष्कळ असतील आणि कन्व्हर्टर घ्यायचीच वेळ आली असेल, तर त्याऐवजी एचडीएमआय असलेला एखादा साधा डीव्हीडी प्लेअर, वापरलेला का असेना, शोधावा. त्यात चित्र मुळातच आकड्यांच्या रूपात असते आणि ते तसेच टीव्हीपर्यंत जाते. कन्व्हर्टरच्या मार्गात आकड्यांचा विजेचा दाब आणि त्या दाबाचे पुन्हा आकडे असा फेरा होतो, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडे काही गळतेच. दहा-बारा चकत्या एकदाच पाहून त्यांची प्रत काढायची असेल, तर तो खर्चही करू नका. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता प्लेअरच्या मेनूविषयी. जोडणी अचूक असूनही पडदा काळाच राहतो, याचे सर्वांत वारंवार सापडणारे कारण इथे असते. व्हिडिओ आउटपुटमध्ये कधीकाळी कुणी ‘कंपोनंट’ किंवा ‘प्रोग्रेसिव्ह’ निवडून ठेवलेले असते, आणि त्यामुळे काही प्लेअरमध्ये पिवळ्या पिनेतून चित्र बाहेर पडणे बंद होते. चित्रच नाही म्हणून मेनू दिसत नाही, आणि मेनू दिसत नाही म्हणून ती निवड बदलता येत नाही. अशा वेळी आतली चकती काढा आणि रिमोटवर ‘व्ही मोड’ किंवा ‘पी स्कॅन’ असे बटण असेल तर ते चार-पाच सेकंदांच्या अंतराने दाबत राहा. प्रत्येक दाबण्यागणिक निवड पुढे सरकते आणि एका टप्प्यावर प्लेअरचे नाव पडद्यावर येते. मूळ रिमोट हरवला असेल तर स्थानिक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डीव्हीडीसाठीचे सर्वसाधारण रिमोट मिळतात. प्लेअर सोबत नेऊन तिथेच लावून पाहावा. चित्र कृष्णधवल येत असेल किंवा वर-खाली फिरत असेल, तर ‘एन-पी’ नावाचे बटण पाहा. ते पॅल आणि एनटीएससी या चित्राच्या सिग्नलच्या दोन पद्धतींत अदलाबदल करते. भारतात पॅल चालते, पण हल्लीचे बहुतेक टीव्ही दोन्ही घेतात, म्हणून प्लेअरमध्ये ‘ऑटो’ ठेवणे चांगले.

परदेशातून आणलेल्या प्लेअरबद्दल एवढेच सांगतो की लावण्याआधी त्याच्या पाठीवरचा व्होल्टेजचा आकडा वाचा. अमेरिकेतून आणलेला, फक्त १२० व्होल्टचा प्लेअर आपल्या २३० व्होल्टला लावला तर तो त्याच क्षणी जळतो. उलट दिशेचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. पुण्या-मुंबईहून पाठवलेल्या पॅल पद्धतीच्या चकत्या अमेरिकेतल्या कित्येक प्लेअरवर लागत नाहीत, आणि तिथले आपले लोक चकती खराब निघाली असे समजतात. त्यात डीव्हीडीचा प्रदेश क्रमांक, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागात चालावी याची खूण, हाही आड येऊ शकतो. भारताचा ५ आणि अमेरिकेचा १ आहे. संगणकावर व्हीएलसीसारख्या प्रोग्रॅममध्ये ती चकती बहुधा चालते.

चित्र आले की पुढची तक्रार ठरलेली असते : जुन्या टीव्हीवर किती स्वच्छ दिसत होते आणि नव्यावर इतके धूसर का? हा जोडणीचा दोष नाही, साधे गणित आहे. पॅल डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके आहेत, म्हणजे बरोबर वीसपट. एका ठिपक्याच्या माहितीवरून टीव्हीला वीस ठिपके भरावे लागतात, आणि जी माहिती चकतीत नाही ती तो अंदाजाने भरतो. व्हीसीडीत तर ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके असतात. कीर्तनकारांचा चेहरा दूर उभे राहून बघितल्यासारखा वाटतो त्याचे कारण हेच. जुन्या २१ इंची पडद्यावर हेच ठिपके दाटीने बसत, म्हणून चित्र रेखीव भासे. उपाय म्हणून टीव्हीच्या मेनूत शार्पनेस निम्म्याहून खाली आणा, हे ऐकायला उलटे वाटले तरी. शार्पनेस वाढवले की कडांभोवती पांढऱ्या रेघा उठतात आणि चेहरे कोरडे दिसतात. ‘नॉइज रिडक्शन’ मध्यम ठेवा आणि बसायची खुर्ची दोन हात मागे घ्या. यापलीकडे फार करण्यासारखे नाही, आणि त्यासाठी कुणी महागडी केबल सुचवली तर घेऊ नये.

चित्राचा आकार मात्र नक्की सुधारता येतो आणि तो सुधारल्याशिवाय मी कुठल्याही घरातून निघत नाही. जुन्या चकत्यांवरचे बरेचसे चित्रण चारास तीन या आकाराचे आहे आणि नवा पडदा सोळास नऊ आहे. टीव्ही आपणहून ते चित्र आडवे ताणतो, आणि मग वरमाय, वधू, भटजी सगळेच एक तृतीयांशाने रुंद होतात. घरातल्या लोकांना दोन मिनिटांत त्याची सवय होते आणि कुणी तक्रार करत नाही, पण आपल्या गेलेल्या माणसांचे चेहरे असे फुगवून पाहणे मला बरे वाटत नाही. टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’ किंवा ‘आस्पेक्ट’ या पर्यायात जाऊन चारास तीन निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील आणि आपल्या ४३ इंची पडद्यावर चित्र सुमारे ३५ इंचांचे उरेल, तेच बरोबर आहे. चकती रुंद चित्राची असेल, म्हणजे सोळास नऊची, तर प्लेअरच्या ‘टीव्ही डिस्प्ले’ या पर्यायात १६:९ ठेवा आणि टीव्हीवर पूर्ण पडदा करा. प्लेअरमध्ये जुन्या काळचे ‘४:३ लेटरबॉक्स’ तसेच राहिले असेल तर चित्र वर-खाली काळे पट्टे घेऊन येते आणि नवा टीव्ही त्यालाही ताणतो, म्हणून दोन्ही ठिकाणच्या निवडी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. बरोबर बसले की नाही हे पाहण्याची माझी रीत अशी : चित्रात ताट, चाक किंवा घड्याळ असे काही गोल येईपर्यंत थांबतो आणि ते पडद्यावरही गोल दिसते का ते पट्टीने मोजतो.

आवाज चित्राच्या थोडा मागे-पुढे होत असेल तर टीव्हीत त्या सोर्ससाठी ‘गेम मोड’ लावून पाहा. त्यात टीव्ही चित्रावर कमी प्रक्रिया करतो आणि वेळ वाचतो. आवाज टीव्हीऐवजी थेट जुन्या अँप्लिफायरला दिला असेल तर तो हमखास ओठांच्या आधी येतो. अशा वेळी आवाज टीव्हीतूनच अँप्लिफायरकडे न्यावा.

जोडणी करताना टीव्ही, प्लेअर आणि सेट टॉप बॉक्स तिघांचेही प्लग बोर्डातून काढा, नुसते रिमोटने बंद करू नका. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांच्या धातूच्या भागावर थोडा गळतीचा दाब असतो. केबलचे धातूचे टोक हाताला लागले की ज्या झिणझिण्या येतात त्या याच. माणसाला त्यापासून सहसा इजा होत नाही, पण चालू टीव्हीत पिन घालताना तोच झटका सॉकेटमागच्या नाजूक चिपला बसू शकतो. एचडीएमआयचे एखादे सॉकेट कायमचे निकामी झालेले टीव्ही माझ्या टेबलावर येतात, आणि विचारले की कळते, सगळे चालू ठेवूनच केबल बदलली होती.

जोडणी ठीक असूनही चकती अडकत असेल तर ती मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको, कारण वाचणारा किरण गोल फिरणाऱ्या रेषेवरूनच जातो आणि त्या दिशेचा ओरखडा त्याला फार काळ आड येतो. डीव्हीडी लागते पण व्हीसीडी लागत नाही, असे झाले तर चकतीला दोष देऊ नका. दोन्हींसाठी वेगळ्या तरंगलांबीचे लेसर किरण लागतात आणि त्यांपैकी एकच मंदावलेला असू शकतो. व्हीसीडी हाताळताना तिच्या छापील बाजूला अधिक जपा. सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा थर त्या छापाच्या लगेच खाली असतो आणि तिथला ओरखडा भरून निघत नाही. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती त्या बाजूने थोडी सुरक्षित असते.

यावरूनच प्रत काढण्याचा मुद्दा येतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत तातडीचे काम तेच आहे. घरगुती समारंभाच्या चकत्या कारखान्यात छापलेल्या नसतात. रंगद्रव्याच्या थरावर लेसरने लिहिलेल्या असतात, आणि ऊन, उष्णता यांनी तो थर फिका होतो. आपली चकती १७-१८ वर्षांची असेल तर आज ती लागते आहे हीच संधी समजावी. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना संगणक किंवा यूएसबीवर चालणारी बाहेरची ड्राइव्ह मिळवा. (ती ड्राइव्ह थेट टीव्हीच्या यूएसबीत लावून भागेल का, असे बरेच जण विचारतात, बहुतेक टीव्ही तिला ओळखत नाहीत.) डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी जातीच्या, प्रत्येकी एक जीबीपर्यंतच्या फाइली असतात. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट जातीच्या असतात. हे फोल्डर जसेच्या तसे दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा आणि मूळ प्रत म्हणून त्यांना हात लावू नका. मग हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने त्यांच्यापासून एमपीफोर फाइल करा आणि पेनड्राइव्हवर घालून थेट टीव्हीला लावा. त्यात कुठलीही रंगीत पिन लागत नाही, आणि पिवळ्या पिनेचा फेरा टळल्यामुळे चित्रही थोडे स्वच्छ दिसते. हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर हात हलले की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात.

प्रत तयार झाली म्हणून लगेच चकती कपाटात टाकू नका. पेनड्राइव्हवरची फाइल टीव्हीवर अगदी शेवटपर्यंत चालवून पाहा. चकतीवरचे लेखन मधून सुरू होऊन कडेकडे जाते, त्यामुळे भरलेल्या चकतीत कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेला असतो, आणि बोटांचे ठसे आणि ओरखडे नेमके तिथेच जास्त असतात. शेवटची दहा मिनिटे अडखळली तर चकती पुन्हा पुसा आणि दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर वाचून पाहा. एका ड्राइव्हने सोडून दिलेला भाग दुसरीने वाचल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.